ईश्वरीचा गुडघा

अदी,

तू गेल्यावर तुमच्या बराकीत बायका बसायला आल्या होत्या. मीही होते, कोपऱ्यात. एक बाई म्हणाली, "बहुत सहनशील थी." दुसरीने मान डोलावली, तिसरीने पदर डोळ्याला लावला. मला हसू आलं आणि ते लपवायला मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. सोशिक, आणि तू? कॅम्प नंबर तीनमध्ये रेशनच्या रांगेत जिचा नुसता आवाज ऐकून दुकानदार तराजू सरळ धरायचा, ती सोशिक? गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण म्हणून त्याला दुसरंच माणूस करून टाकायचं का?

म्हणून लिहायला बसले. तू हे वाचणार नाहीस. जिवंत असतीस तरी वाचलं नसतंस. तुला आमची अक्षरं येत नव्हती आणि मला तुमची ती उजवीकडून डावीकडे पळणारी लिपी. आपलं सगळं तोंडीच चालायचं. तुझी हिंदी, माझी हिंदी, मधेच तुझी सिंधी, पुढे पुढे तुझी मोडकीतोडकी मराठी, आणि या सगळ्यात निम्मं भांडण. भांडणही इतक्या वर्षांत एकच, तुझ्या गुडघ्याचं.

तू आलीस तेव्हा मी कॅम्पातल्या हॉस्पिटलात नवी नर्स होते. लष्कर उठून गेल्यावर त्यांच्या बराकींत तुम्हा निर्वासितांची घरं थाटली होती आणि तशाच एका बराकीत आमचं हॉस्पिटल. मी बदलापूरहून यायची. रुळावर सापडलेली माणसं आमच्याकडे सतत यायची, आणि ती दोन तऱ्हेची असायची. एक आमची गावाकडची, चिखलोली-खरवईची. पावसाळ्यात शेतं भरली की बांधावरून पाय घसरतो आणि चालायला कोरडी वाट एकच राहते, रुळांचा भराव. त्यात डोक्यापासून कमरेपर्यंत इरलं. इरल्यातून मागचं दिसत नाही आणि त्यावर पाऊस वाजत असला की ऐकूही येत नाही. या माणसांना गाडी बहुतेक पाठीमागून लागायची.

दुसरे तुम्ही. तुमची चूक तुमचीच होती, दुसऱ्या कुणाला ती सुचली नसती. तुमच्या सिंधमधल्या शिकारपूरला जमीन सपाट, गाडी कोळशाची. गाडी दिसायच्या कितीतरी आधी आभाळात धूर दिसतो, मग तिचं धापा टाकणं ऐकू येतं, मग माणूस सावकाश बाजूला होतो. आमच्या घाटाच्या बाजूला गाड्या विजेच्या. ना धूर, ना धाप. तुम्ही रूळ ओलांडायच्या आधी दोन्हीकडे बघायचात, अगदी शहाण्यासारखे बघायचात, पण बघायचात ते आभाळाकडे. आभाळ स्वच्छ दिसलं की पाऊल टाकायचात.

तूही तशीच सापडलीस. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तू मला पहिलं वाक्य काय म्हणालीस, आठवतं? रडणं नाही, देवाचं नाव नाही. म्हणालीस, "सिस्टर, धुआँ नहीं था. बिना धुएँ की गाड़ी कौन चलाता है?" जणू रेल्वेनेच तुझी फसवणूक केली होती आणि मी रेल्वेची माणूस होते.

रुळाशेजारी तू बराच वेळ पडून होतीस. लोक जमले होते, पण गोल करून नुसते उभे. पोलीस येऊन पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही ही इथली रीत, मग माणूस जिवंत असो की नसो. हात लावला तर आपल्यावरच बालंट यायचं. शेवटी बैलगाडी घेऊन चाललेला एक म्हातारा शेतकरी थांबला. त्याने डोक्याचं मुंडासं सोडून तुझ्या मांडीला करकचून बांधलं, चार शिव्या गोल करून उभ्या राहिलेल्यांना हासडल्या आणि तुला पेंढ्यावर घालून आणलं. बैलांना बाहेर सोडून येता येईना म्हणून तो आतही आला नाही. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. तू पुढे कितीदा म्हणायचीस, त्याला एक मुंडासं नेऊन द्यायचं आहे. कुणाला देणार होतीस?

तुझं पाऊल राहिलं नव्हतं. नडगीचा खालचा भाग चिरडलेला, त्यात खडी आणि माती. आपले डॉक्टर लढाईवरून आलेले, फार बोलायचे नाहीत. त्यांनी पाहिलं आणि हात धुता धुता मला म्हणाले, "गुडघ्याच्या वर घेऊ, सिस्टर. एकदाच काय ते. खाली घेतला तर भरेलच याची हमी नाही." मला ते पटलं. मी तशा जखमा चिघळताना पाहिल्या होत्या. तुझे यजमान, परसरामभाई, टोपी हातात पिरगाळत उभे होते. ते म्हणाले, "साहेब, आप माई-बाप. जो ठीक लगे." म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं होतं. आम्ही समजत होतो तू बेशुद्ध आहेस.

तू माझा अॅप्रन धरलास. इतका घट्ट की नाडी तुटली.

"घुटना नहीं," म्हणालीस.

मी तुला समजावलं. जीव महत्त्वाचा, गुडघ्याचं काय एवढं, लाकडी पाय मिळतो, कुबड्या मिळतात, परसरामभाई आहेत हाताला धरून उठवायला. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "सबका हाथ पकड़-पकड़ के यहाँ तक आए हैं. घर छोड़ा तो किसी ने हाथ पकड़ा, जहाज़ पे चढ़े तो किसी ने पकड़ा, यहाँ उतरे तो लाइन में खड़ा करने को पकड़ा. अब ज़मीन से उठूँगी तो अपने से उठूँगी. घुटना रखो."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "बघतो." आणि त्यांनी गुडघा ठेवला.

मग जे व्हायचं तेच झालं. जखम भरेना. रोज सकाळी मी तुझं ड्रेसिंग करायची आणि रोज तुला ऐकवायची, वर घेतला असता तर एव्हाना घरी असतीस. तू दात-ओठ खात मला सिंधीतून काहीतरी म्हणायचीस. अर्थ मी कधी विचारला नाही, तो न विचारण्यातच माझं भलं होतं. वॉर्डातल्या बायकांची मात्र करमणूक व्हायची. एकदा मी म्हटलं, "तुझी अक्कल गुडघ्यात आहे, म्हणून तो तुला सोडवत नाही." वॉर्डबॉयने तुला हिंदीत समजावून सांगितलं. तू इतकी हसलीस की ताजं बांधलेलं बँडेज सुटलं आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्या दिवसापासून तू मला सिस्टर म्हणायचं सोडलंस आणि मालती म्हणायला लागलीस. मीही तुला अदी म्हणायला लागले, ताईला तुमच्याकडे तसंच म्हणतात हे मला परसरामभाईंनी सांगितलं होतं.

पुढे जखम भरली, म्हणजे वरून भरली. तुला चामड्याच्या पट्ट्यांचा लाकडी खुंट मिळाला. तो लावून तू पहिल्यांदा माझ्यासमोर जमिनीवर बसलीस आणि उठलीस, तो दिवस मला आठवतो. आधी चांगला पाय पोटाशी घेतलास, मग त्या वाचवलेल्या गुडघ्यावर सगळा भार टाकलास, एक हात जमिनीवर, एक मांडीवर, आणि उभी राहिलीस. चेहरा लालबुंद. मी पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. तू त्याच्याकडे बघून म्हणालीस, "ये अपने पास रख. काम आएगा."

आमच्या बदलापूरच्या घरी तू आलीस तेव्हा आईने तेच केलं. ती कैऱ्या फोडत बसली होती. तुला बघून म्हणाली, "मालू, अगो त्या बाईला खुर्ची दे, खाली नको बसवू." तू खालीच बसलीस, तिच्या शेजारी, आणि विळी ओढून घेतलीस. निघताना तू उठायला लागलीस तशी आई हात द्यायला धावली. तू मान हलवलीस. आई म्हणाली, "हात नको तर नको, पण पडलीस तर माझ्या बरणीवर नको पडू हो. वर्षाचं लोणचं आहे." तुला ते सगळं कळलं होतं की नाही कुणास ठाऊक, पण बरणी तू पायाने हळूच बाजूला सरकवलीस आणि मगच उठलीस. आई पुढे कितीतरी दिवस शेजारपाजारी ते सांगत होती.

मला खरी तुझी किंमत कळली ती धोंडूच्या वेळी. खरवईचा धोंडू, इरल्यातला पेशंट. त्याचाही पाय गुडघ्याखाली गेला होता. जखम छान भरत होती, पण माणूस भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवायचा नाही. काही विचारलं तर एवढंच म्हणायचा, "बाय, मी आता चिखलान कसा उतरू?" मी त्याला धीर द्यायची, डॉक्टर रागवायचे, त्याची बायको रडायची. कशाचाच उपयोग नव्हता. तू ड्रेसिंगला आली होतीस. त्याची ना भाषा तुला येत होती ना तुझी त्याला. तू त्याच्या खाटेजवळ गेलीस, मट्टकन जमिनीवर बसलीस, खुंटाचे पट्टे सोडून त्याला तुझा पाय दाखवलास, पुन्हा पट्टे बांधलेस आणि उठून उभी राहिलीस. त्याने भिंतीकडचं तोंड वळवलं. तू पुन्हा बसलीस, पुन्हा उठलीस. तिसऱ्यांदा तू बसलीस तेव्हा तो म्हणाला, "आगं बाय, र्‍हाव दे, दमशील." आणि त्याने भाकरी मागितली.

त्यानंतर असा पेशंट आला की मी तुला बोलावणं पाठवायची. औषधाच्या कपाटात जे नव्हतं ते तू घेऊन यायचीस. येता येता रुळापाशी कुणी नवीन माणूस आभाळ न्याहाळताना दिसला की तुझा आवाज अर्ध्या कॅम्पाला ऐकू यायचा, "धुआँ मत देख भाई, तार के नीचे देख!" परसरामभाई लाजायचे. ते बिस्किटांची पेटी घेऊन फिरायचे आणि म्हणायचे, तुझ्या ओरडण्याने गिऱ्हाईक पळतं. तू म्हणायचीस, गिऱ्हाईक जिवंत राहिलं तरच बिस्कीट खाईल ना.

पण जखम, अदी. ती काही पुरती बरी झाली नाही. खुंट घासला की कातडी फाटायची, पू व्हायचा, तू यायचीस, मी साफ करायची आणि आपलं भांडण पुन्हा सुरू व्हायचं. मी म्हणायची, डॉक्टरांना सांगून अजूनही वर घेऊ या, एकदाचा त्रास मिटेल. तू म्हणायचीस, "तुला काय? तुझे दोन गुडघे आहे." मी म्हणायची, गुडघा राहील आणि तू जाशील. तू म्हणायचीस, "जाईल तर उठून जाईल." तुझी मराठी अशीच होती, स्वतःबद्दल बोलतानाही 'जाईन'च्या जागी 'जाईल' म्हणायचीस, आणि मीही सुधारलं नाही. मला ते आवडायचं.

एक गोष्ट तुला मी कधीच सांगितली नाही. तू जमिनीवरून उठायचीस तेव्हा मी श्वास रोखून धरायची. आणि तू उभी राहिलीस की मला दर वेळी आनंद व्हायचा, इतका की घरी जाताना गाडीत मी आपली आपणच हसायची. भांडताना हे कसं सांगणार? सांगितलं असतं तर तुझं म्हणणं कबूल केल्यासारखं झालं असतं. तुझ्यापुढे माघार घेणं म्हणजे जन्माचं ऐकून घेणं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

या वेळी तुझ्या पुतण्याचं लग्न होतं. तू दिवस दिवस उभी होतीस, आणि जखम उघडलेली असूनही माझ्याकडे आली नाहीस. आलीस ती तापाने फणफणून. गुडघ्याच्या वरपर्यंत लाली चढलेली, जांघेत गाठ. मी नेहमीसारखी भांडले नाही, यावरूनच तू ओळखलं असशील. डॉक्टर आता थकलेत, पण तुझ्यासाठी रात्रीचे घरून आले. इंजेक्शनं दिली, वाट पाहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, आता गुडघा ठेवता येणार नाही. आणि काढूनसुद्धा उपयोग होईल असं मी सांगू शकत नाही."

आम्ही बाजूला बोललो तरी तुला कळायचंच. पहिल्या वेळीही कळलं होतं. तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं आता पुन्हा अॅप्रन धरशील. तू धरला नाहीस. म्हणालीस, "मालती, तू बोल. काय करायचं?"

इतकी वर्षं मी न विचारता बोलत आले होते. आणि तू विचारल्यावर मी तुझं पांघरूण नीट करत बसले. तू वाट पाहिलीस. घाई केली नाहीस.

मी म्हटलं, "काढून घे, अदी."

"ठीक आहे," म्हणालीस. "तू जिंकली."

डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. माझं मन राखायला हो म्हणालीस की जगायला, ते मला समजलं नाही, आणि आता कोण सांगणार?

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी तू जागी झालीस आणि उठून बसायला बघितलंस. कोपर टेकलंस, जमलं नाही. पुन्हा टेकलंस. मी उशी नीट करायचं निमित्त करून तुझ्या पाठीमागे हात घातला, म्हणजे मी उचलते आहे असं दिसू नये. तू म्हणालीस, "नाटक नको करू. हात दे." मी दिला. तू तो धरून बसलीस, खिडकीतून बाहेर बघितलंस, परसरामभाईंना चहा मागितलास, आणि चहा पिऊन होईपर्यंत माझा हात सोडला नाहीस. तुझा हात तापाने भाजत होता. ताप त्यानंतर उतरलाच नाही.

मला अपराधी वाटतं का? नाही, अदी. खोटं कशाला बोलू. डॉक्टर म्हणतात उशीर झाला होता, काढला नसता तरी हेच होतं. मी तेच सांगितलं असतं, आजही तेच सांगेन. पण पहिल्याच वेळी माझं ऐकलं असतंस तर तू आज असतीस का? असतीस कदाचित. खाटेवर, खुर्चीवर, कुणाचा तरी हात धरून. धोंडूपुढे तीनदा बसून उठणारी ती बाई मात्र नसती. इतकी वर्षं मी एक बाजू मांडत होते आणि दुसरी तू मांडत होतीस. आता दोन्ही मलाच मांडाव्या लागतात आणि दोन्ही खऱ्या वाटतात. तू असताना हे सोपं होतं. तू चूक आहेस एवढं म्हटलं की काम भागायचं.

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसांसाठी आता कुणाला बोलावू, तेही सांगून गेली नाहीस.

काल सकाळी चिखलोलीची एक बाई आणली. डोक्यावर गवताचा भारा घेऊन भरावावरून येत होती. भारा मोठा, मान वळवता येईना, गाडी मागून आली. पाऊल गेलं, नडगीचा तुकडा उरलाय. बाई जगेल. तिला आम्ही काय बोलतो ते कळण्याची शुद्ध नव्हती, मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं, हाक मारली, बोटं तिच्या हातात दिली. तिने धरली नाहीत. नवरा दारात उभा होता, तो म्हणाला, "तुमी सांगाल ता."

डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, "गुडघ्याच्या वर घेऊ, सिस्टर. एकदाच काय ते."

सगळ्यांचं एकमत होतं, अदी. मी ट्रे घेऊन उभी होते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "गुडघा वाचतोय का बघा."

ते वळले. "हे तुम्ही म्हणताय?"

"हो."

"आणि भरलं नाही तर? ईश्वरीबाईंसारखं वर्षानुवर्षं चिघळत राहिलं तर?"

"तर ड्रेसिंगला मी आहे."

त्यांनी हात पुसले. मग त्या बाईच्या पायापाशी गेले, गुडघ्याची वाटी चाचपली, तिथून चार बोटं खाली मोजली आणि मला म्हणाले, आयोडीन इथपर्यंतच लावा.